मैदान ठीक आहे

फाल्गुनात दुपारचा वारा पडला की मला आजही घरात बसवत नाही. मी उठते, गच्चीच्या दारापर्यंत जाते, समोरच्या दोरीवरचं धुणं हलतंय का ते पाहते आणि परत येते. सुनेला वाटतं सासूबाईंना उकडतंय. ती पंखा वाढवते. पंख्याच्या वाऱ्याचा इथं काही उपयोग नाही, पण हे तिला कुठल्या तोंडानं सांगू.

आमच्या सोलापुरात विमान सुरू होणार ही बातमी गुढीपाडव्यासारखी दरवर्षी न चुकता येते. परवाही आली. नातवानं पेपर माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "आजी, आता मुंबई एका तासात." मी म्हटलं, "होटगीच्या अंगाला मी विमान उतरलेलं पाहिलंय, तुझ्या बापाचाही जन्म झाला नव्हता तेव्हा." तो हसला. म्हाताऱ्या माणसानं असं काही बोललं की घरातली मंडळी हसून घेतात आणि विषय बदलतात. मलाही ते बरंच पडतं. पुढचं विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक.

लग्नानंतरचं माझं दुसरं वर्ष. यांना दोन वर्षं घरी बसून काढल्यावर नोकरी लागली होती. नोकरी अशी की सासरच्या कुणाला ती धड समजावून सांगता येईना. मुंबईहून दक्षिणेत टपाल घेऊन जाणारं एक लहान विमान असायचं, एका माणसाचं. मंगळवारी ते जायचं, शुक्रवारी परत यायचं. वाटेत यंत्र बिघडलं, ढग आडवे आले, तर उतरायला कुठंतरी सपाट जागा हवी. तशी एक जागा होटगीच्या अलीकडं माळावर तयार केलेली होती. मुरूम टाकून रोलर फिरवलेलं लांबच लांब मैदान, कडेला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, एका खांबावर कापडाची लांब पिशवी. वारा भरला की पिशवी फुगायची आणि वारा कुठून कुठं जातोय ते वरून दिसायचं. मैदानाच्या मधोमध चुन्यानं रंगवलेल्या दगडांचं मोठं वर्तुळ होतं, दगड जमिनीत सपाट बसवलेले. इथं मैदान आहे ही त्याची खूण. आणि या साऱ्याचे राखणदार, कारकून, माळी, सगळं काही म्हणजे हे.

माझ्या माहेरच्यांना वाटायचं, जावई विमानखात्यात म्हणजे केवढा थाट. थाट म्हणाल तर सकाळी उठून गुरं हाकलायची, उंदरांची बिळं बुजवायची, वर्तुळाला चुना द्यायचा आणि पांढऱ्या कापडाच्या दोन लांब पट्ट्या, एक उभी एक आडवी, वाऱ्याची दिशा पाहून मैदानावर अंथरायच्या. वैमानिकानं त्या पट्ट्यांच्या रोखानं उतरायचं. पट्ट्यांची फुली घातली तर त्याचा अर्थ, उतरू नकोस. टपालाच्या दिवशी सकाळी एक चिठ्ठी लिहायची: मैदान ठीक आहे, किंवा मैदान खराब आहे. स्टेशनवर कामाला जाणारा एक हमाल ती घेऊन जायचा आणि तारमास्तर तिचं इंग्रजी करून पुढं धाडायचे. ती तार पोचली की मग तिकडून विमान सुटणार. पावसाळ्यातले दिवस सोडले तर यांनी 'खराब' कधी लिहिलं नव्हतं. आणि आम्ही तिथं राहायला गेल्यापासून एकदाही विमान उतरलं नव्हतं. ते घों करत यायचं, एक पंख जरा कलता करायचं आणि निघून जायचं. हे दारात उभे राहून टोपी हलवायचे. तेवढ्यासाठी आठवडाभर झाडलोट.

माळावर एकटेपणा लई, असं निलव्वा म्हणायची. निलव्वा म्हणजे मैदानाला लागून जिचं रान होतं ती विधवा. पन्नाशीची असेल. हाडं रुंद, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची डबी. घरात कानडी, आमच्याशी मराठी. मैदानाला जी जमीन गेली तिच्यात तिचा माळाचा पट्टा गेला होता. काळं रान तेवढं तिच्याकडं राहिलं. त्याचं बोलायची नाही ती. ताकाचं गाडगं घेऊन यायची, उंबऱ्याशी टेकायची, माझ्याकडून चिमूटभर साखर घेऊन जिभेवर ठेवायची आणि तिच्या सुनेच्या कागाळ्या सांगायची. मला ती फार आवडायची. लहानपणीच आई गेलेल्या मुलीला अशी बाई भेटली की मुलगी लगेच तिची होते.

त्या फाल्गुनात यांना हिवताप आला. दुपारी थंडी भरायची, मग दोन गोधड्यांखालीही दात वाजायचे, मग घाम. कोयनेलच्या कडू गोळ्यांनी कान बधिर झाले होते. रविवारपासून मैदानाचं काम मीच करू लागले. मराठी सातवी झालेली, मास्तरांची मुलगी. माझं अक्षर यांच्यापेक्षा चांगलं. मंगळवारची 'मैदान ठीक आहे' ही चिठ्ठी मी लिहिली आणि खाली यांची सही केली. विमान आलं, पंख कलवून गेलं. मी पदर खोचून दारात उभी होते. कुणी पाहत नाही असं बघून मीही हात हलवला. खोटं कशाला सांगू, मला ते काम आवडायला लागलं होतं.

त्याच मंगळवारी दुपारी निलव्वा आली. बसली नाही.

"बाई, एक इचारू? ज्वारी काढून पडलीया. खळं करायला माळ न्हाय ऱ्हायला. काळ्या रानात भेगा पडल्यात, हात जाईल एवढ्या. तितं मळायची कशी?"

मी म्हटलं, "मग?"

"तुमचं इमान आता शुक्कीरवारी येणार. मदले दिस मोकळंच हाय की. दीड दिसात मळती, बेस्तरवारी दुपारी वारा देती, खळं झाडून लख्ख करून देती. तुमच्या मालकांना कळायचंबी न्हाय."

खळ्याला टणक, सपाट, भेग नसलेली जमीन लागते. ती करायला माणसं चार दिवस खपतात. माती खरवडतात, पाणी मारतात, चोपतात, शेणानं सारवतात. इथं तर एवढा मोठा माळ रोलर फिरवून तयार होता. मी आत पाहिलं. हे ग्लानीत होते. मी म्हटलं, "शुक्रवारी सकाळी काही दिसता कामा नये हं, निलव्वा." ती म्हणाली, "व्हय की." एवढंच झालं. कागद नाही, सही नाही. आणि का हो म्हटलं म्हणून आज विचाराल तर सांगते: मला हो म्हणण्याचा अधिकार आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं होतं.

बुधवारी सकाळी चूल पेटवून बाहेर आले आणि पाहते तर तिनं तिवडा पुरला होता. तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला जाड खांब. त्याला बांधून बैल गोल फिरवतात. तो तिनं नेमका आमच्या चुन्याच्या वर्तुळाच्या मध्यावर पुरला होता. मी धावत गेले. "अगं, कडेला करायचं होतंस. इथं कशाला?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच येडी. "बाई, रिंगण आयतं आखलेलं हाय की. त्याच्या भाईर कोण खळं करतंय? आन् आमचं खळं हितंच व्हतं. सासऱ्याचा तिवडा हितंच असायचा, हाताभराच्या अंतरानं."

मैदान आखणाऱ्या साहेबानं मधली जागा मोजून काढली होती, आणि तिच्या सासऱ्यानंही कधीकाळी माळावरची सगळ्यात टणक, सगळ्यात उघडी, वारा सगळीकडून लागेल अशी जागा पायानं चाचपून काढली असणार. दोघांची जागा एकच निघाली. तेव्हा मला याचं हसू आलं होतं.

दोन दिवस पात, म्हणजे तिवड्याला जुंपलेली बैलांची रांग, गोल गोल चालली. बैलांच्या तोंडाला मुसकी, मागं निलव्वाची सून, कणसं तुडवल्याचा चुरचुर आवाज, आणि कडब्याचा तो गोडूस वास, जो आजही रस्त्यानं गाडी गेली की माझ्या घशात उतरतो. मी चपला काढून खळ्यात जायची. निलव्वानं बजावलं होतं: खळ्यात पायताण नाही, राशीजवळ मोठ्यानं बोलायचं नाही, किती पोती होतील हे विचारायचं नाही, रास मोजून झाल्याशिवाय तिवडा हलवायचा नाही. हलवला तर पुढच्या वर्षीचं पीक हलतं. हे तिनं फार साधेपणानं सांगितलं होतं.

गुरुवारी दुपारी मळून झालं. आता फक्त वारा द्यायचा. वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभं राहून सुपानं धान्य उंचावरून सोडायचं; भूस उडून जातं, दाणे पायाशी पडतात. तासा-दोन तासांचं काम. आणि वारा पडला.

तो तसा पडलेला मी आधी पाहिला नव्हता. फाल्गुनातल्या दुपारी माळावर वाऱ्याला खंड नसतो, पण त्या दिवशी पिशवी खांबाला चिकटून बसली. निलव्वा वावडीवर सूप भरून उभी, मी घराच्या दारात उभी, दोघींची नजर त्याच पिशवीवर. ती हळूच कानडीत म्हणायची, "गाळी बा, गाळी बा." वाऱ्या ये. सूप धरून तिचे हात भरून आले की ती खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. दिवस मावळला. सगळं धान्य भुसासकट तिवड्याभोवती ढिगानं तसंच राहिलं.

शुक्रवारी पहाटेपासून मी पिशवीकडं बघत होते. हमाल आठच्या सुमाराला चिठ्ठी न्यायला आला. पेन्सिल माझ्या हातात होती. 'खराब' लिहिलं तर दोन तासांत उलट तार येणार, काय खराब, का खराब. आभाळात ढग नाही, मग सांगणार काय? मैदानाच्या मधोमध ज्वारी आहे? दोन वर्षांनी लागलेली यांची नोकरी, ती माझ्या एका 'हो'पायी जाणार. आणि 'ठीक' लिहिलं तर काय होतंय? विमान कधी उतरतंय थोडंच? पंख कलवून जाईल. हमाल म्हणाला, "बाई, गाडीची वेळ झाली." मी लिहिलं, मैदान ठीक आहे. खाली यांची सही केली. अक्षर जरासुद्धा हललं नाही. याचीच मला पुढं भीती वाटत आली.

पट्ट्या अंथरायच्या होत्या. वारा नसेल तेव्हा त्या मैदानाच्या लांबीच्या दिशेनं अंथरायच्या, असं यांनी शिकवलं होतं. म्हणजे त्यांचा रोख सरळ वर्तुळावरून जाणार. फुली घालावी असं मनात आलं. पण ठीक म्हणून तार करायची आणि मैदानावर फुली घालायची, हे वरून पाहणाऱ्यानं लिहून घेतलं तर? मी शिकवल्याप्रमाणं अंथरल्या. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

अकराच्या सुमाराला आवाज आला. नेहमी तो एकसारखा वाढत यायचा. त्या दिवशी मधेच तुटायचा, परत सुरू व्हायचा, परत तुटायचा. मी तवा उतरवून बाहेर आले तोवर तो थांबलाच होता. इतकी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. विमान वर होतं, दिसत होतं, आणि आवाज नव्हता.

यंत्र बंद पडलंय हे मला कुणी सांगावं लागलं नाही. ते मैदानाच्या टोकाशी मोठा वळसा घ्यायला लागलं आणि निलव्वा नि तिची सून राशीपाशी वाऱ्याची वाट बघत होत्या तिकडं मी अनवाणी पळत सुटले. "निलव्वा, तिवडा काढ. उतरतंय ते."

ती राशीला पाठ लावून उभी राहिली. "रास मोजल्याबिगर तिवडा काढत न्हाईत, बाई. ठावं हाय तुमाला."

"त्यात माणूस आहे, निलव्वा."

तिनं वर पाहिलं. "किती?"

"एक. एकच आहे."

तिनं क्षणभर डोळे मिटले, गळ्यातल्या डबीला हात लावला आणि वाकून तिवड्याला मिठी मारली. मीही धरला. तो खोल गाडलेला. ती कानडीत काहीतरी पुटपुटत त्याला इकडून तिकडं हलवत होती, मी रडत होते, आणि तो एकदम उपटला गेला तेव्हा आम्ही दोघी धान्यात पडलो. तिनं तो सुनेच्या अंगावर लोटला, "ने, ने" म्हणाली. मग राशीकडं वळली. रास तेवढी उंच राहिली असती तर चाकं अडकून विमान उलटलं असतं. हे तिला कसं कळलं मला माहीत नाही, गाडी उलटताना पाहिली असेल कधी. ती गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी रास पसरायला लागली. आम्ही तिघी पसरत होतो. वर्षाची ज्वारी आम्ही मुरमात पसरत होतो. सावली अंगावर आली तेव्हा तिनंच मला दंडाला धरून ओढलं.

चाकं टेकली, उसळली, परत टेकली आणि धान्यातून सरळ गेली. भुसाचा एवढा ढग उठला की पुढचं काही दिसेना. तो खाली बसायला वेळ लागला, कारण वारा नव्हता. विमान पार टोकाशी थांबलं होतं. वैमानिक उतरला, कोवळ्या मिशीचा एक मुलगा. त्यानं आधी पाणी मागितलं. मग चालत परत वर्तुळापर्यंत आला, तिवड्याच्या खड्ड्यात बूट घालून त्याची खोली पाहिली, आणि आमच्याकडं पाहिलं.  हे गोधडी पांघरून दारात उभे होते, भिंतीला धरून.

निलव्वा पुढं दोन दिवस सूप घेऊन मुरमातनं दाणे वेचत होती. शनिवारी भरपूर वारा सुटला.

आठवड्यानं चौकशीला साहेब आले, मराठीच होते. आमच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. यांचा ताप उतरला होता. हे म्हणाले, "तार माझीच, साहेब. तापात होतो. सकाळी मैदान नीट पाहिलं नाही." साहेबांनी चिठ्ठी पुढं धरली. माझं अक्षर. हे म्हणाले, "व्हय, माझंच." मास्तरांच्या मुलीशी लग्न झाल्यापासून हे कधी 'व्हय' म्हणत नसत, त्या दिवशी कसं तोंडातून गेलं. मग निलव्वाला बोलावलं. तिला विचारलं, कुणाच्या परवानगीनं? ती खाली बसलेली, नजर जमिनीवर. म्हणाली, "कुणाला इचारलं न्हाय. आमीच केलं." साहेबांनी दोनदा विचारलं. दोनदा तिनं तेच सांगितलं. त्यांनी लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला.

आणि मग ते माझ्याकडं वळले. मी दाराआड होते. "बाई, तुम्हाला यातलं काही माहीत होतं?"

मी पदर डोक्यावरून पुढं ओढला. म्हटलं, "मी आत असते. मला बाहेरचं काही कळत नाही."

"बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी कागद मिटला. इतक्या सहज त्यांना ते पटलं. सहा दिवस मैदान सांभाळलेली मी, एका वाक्यात पुन्हा चुलीशी जाऊन बसले, आणि तिथं फार सुरक्षित होतं.

यांना ताकीद मिळाली, नोकरी राहिली. मैदानाला काटेरी तारेचं कुंपण आलं. निलव्वाच्या रानाची वाट मैदानातून होती, ती बंद झाली. डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन ती रोज सबंध मैदानाला वळसा घालून जायची. ताक द्यायला तेवढं लांब येणं तिला जमेना. कुंपणापलीकडून हात मात्र करायची. मी घरात असले तरी मला कळायचं ती आता जात असेल. हे त्या प्रकरणाबद्दल मला आयुष्यात एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मी त्यांच्या माघारी अनेकदा म्हटलंय.

वर्षभरानं टपालाचा रस्ता बदलला, मैदान बंद झालं आणि यांची बदली झाली. सामान गाडीत चढवत होतो तेव्हा निलव्वा कुंपणाशी येऊन उभी राहिली. मी गेले. तारेतून हात घालून तिनं माझ्या हाताला हात लावला. इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणाली, "बाई, एक इचारायचं ऱ्हायलं. त्या दिशी सायबानं कागदावर माझा अंगठा घेतला. वर काय लिव्हलं व्हतं?"

त्याची नक्कल यांच्या पेटीत होती, मी ती कितीदा वाचली होती. निदान एवढं तरी खरं सांगावं असं वाटलं. म्हटलं, "लिहिलंय की, तू परवानगी न घेता परक्या जागेत शिरलीस."

तिनं माझ्यामागं, वर्तुळाच्या दिशेला पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

"शिरले?" ती म्हणाली. "आमी तर तितंच व्हतो की."